गार्डसाहेबांचा ओव्हन आणि आमची तांबडी

ओव्हनमध्ये कोंबडी भाजायची असेल, तर आधी ओव्हनमध्ये बसलेली कोंबडी उठवावी लागते.

ही अट कुठल्याही पाककृतीत दिलेली नसते. मला ज्यांनी हा प्रकार दाखवला त्या गार्डसाहेबांच्या बाईंनीही ती सांगितली नव्हती. त्यांच्या नागपूरच्या घरी ओव्हन स्वयंपाकघरात असे आणि कोंबड्या बाजारात असत, त्यामुळे दोघांची गाठ माणसाच्या मर्जीनेच पडे. आमच्या घरी कोंबड्यांच्या मताला मान होता आणि माझ्या मताला कवडीची किंमत नव्हती. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं. (आमचा ओव्हन कधीच तापला नाही, ते सोडा.)

आमचं गाव कळंबपासून बैलगाडीच्या वाटेवर. घरी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी-तूर. मी मॅट्रिक होऊन नागपूरला शिकायला गेलो आणि रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. नाताळात त्यांच्या बाई अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजत. वरून गूळ, लसूण, मोहरी आणि कसल्याशा आंबट रसाचा पाक पुन्हा पुन्हा लावत. कोंबडी बाहेर आली की तिच्यावर चक्क खिडकीचा उजेड दिसे! चव गोड, मागाहून खारट, मग तिखट. ती चव घेतल्यापासून मी स्वतःला जरा वेगळा माणूस समजू लागलो होतो.

पुढे गार्डसाहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी तो ओव्हन मला देऊन टाकला. दुहेरी पत्र्याची पेटी, आत जाळीचा कप्पा, पुढे झडप, झडपेला पितळी खिट्टी, मागे हवेसाठी भोकं. खाली शेगडी ठेवायची आणि वर निखारे पसरायचे. मोटारीच्या टपावर घालून मी तो गावी आणला. अर्ध्या गावाला वाटलं, मी हार्मोनियम शिकून आलो.

माय दारातच उभी होती.

"मध्या, हे काय पेटारं आनलं?"

"माय, हा ओव्हन हाये. याच्यात कोंबडी भाजते!"

"कोंबडी?" माय दोन पावलं मागे सरली. "मंग घरात कायले आनून राह्यला? बाहेर काढ आधी!"

आमच्याकडे कोंबडीची चूल अंगणात. तिची भांडी वेगळी, गोठ्यात टांगलेली. त्या भांड्यांनी उंबरठा ओलांडायचा नाही, हा मायचा कायदा होता. मी सांगितलं की यात अजून कोंबडी शिजलेलीच नाही, पेटी कोरी आहे. माय म्हणाली की नागपूरला काय काय शिजलं ते तिला कोण सांगणार. झालं! ज्या ओव्हनला गार्डसाहेबांच्या घरी रोज फडक्याने पुसत, तो आमच्या बैलांच्या शेजारी जाऊन बसला. मी दोन दिवस जेवताना कोणाशी बोललो नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

आता जवाईबापूंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं.

माझी धाकटी बहीण कुसुम राळेगावकडे दिलेली. तिचे यजमान म्हणजे आमचे जवाईबापू. माणूस सज्जन, घरचं चांगलं, फक्त बोलणं जवळजवळ नाही. एकदा खाकरले की होकार, दोनदा खाकरले की नकार. "याच्यातच समदं भागते," असं कुसुम म्हणे, आणि ती सुखात होती.

दिवाळीला आलेल्या कुसुमला न्यायला ते आले, तेव्हा बाबांनी कोंबडी केली. आमच्या दोन्ही घरांत रीत अशी की कोंबडीचं काळीज जावयाच्याच ताटात पडलं पाहिजे. बाकी कोणाला काय मिळालं याला महत्त्व नाही. काळीज चुकलं की मान चुकला. त्या दिवशी वाढायला बाबा होते, कंदील मिणमिणत होता, आणि पंगतीला बाबांच्या ओळखीचा एक बैलांचा दलाल येऊन बसला होता. जवाईबापू आपलं ताट उकरून पाहत होते, तेवढ्यात शेजारून दलाल म्हणाला, "काळीज बाकी मऊ हाये बाप्पा!"

जवाईबापू दोनदा खाकरले. उठले, हात धुतले, दमणीला बैल जुंपले आणि गेले. एकटे!

तेव्हापासून कुसुम माहेरीच. आम्ही माणसं पाठवली, माफी मागितली. गेलेला माणूस परत येई आणि अंगणात उभा राहून आम्हाला दोनदा खाकरून दाखवी. कुसुम आमच्यासमोर कधी रडली नाही. पण संध्याकाळी वाटेवर दमणीचे घुंगरू वाजले की तिचं जातं थांबायचं, आणि दमणी पुढे निघून गेली की पुन्हा सुरू व्हायचं. ते माझ्याने ऐकवत नसे. (शिवाय बहीण माघारी बसलेल्या घरात मला मुलगी कोण देणार, हाही विचार यायचा. खोटं कशाला सांगू?)

शेवटी कापसाची वेचणी सरत आली तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून तोड काढली. जवाईबापू एकदा जेवायला येतील. जेवण नीट झालं तर कुसुमला घेऊन जातील. नाही झालं, तर पुन्हा कोणी निरोप घेऊन येऊ नये.

त्या रात्री घरात कोणाला घास गेला नाही. बाबा तर वाढायच्या नुसत्या कल्पनेने घामाघूम झाले होते. आणि नेमकी तेव्हाच मला ती कल्पना सुचली.

"बाबा, कोंबडी कापाचीच नाई!" मी म्हणालो. "अख्खीच ठेवू त्याइच्या पुढं. टांगा जागच्या जागी, पंख जागच्या जागी, आन काळीज आतच. वाटाचीच नाई, त चुकंन कशी?"

बाबांनी खूप वेळ विचार केला.

"मंजे मले वाढा नाई लागत?"

"नाई."

"मंग कर बाप्पा. आत्ताच कर."

"आन याच्यात गूळ घालते म्हन्ते हा," माय मध्येच म्हणाली. कुसुमने तिला सांगितलं असावं.

"गूळ, चिंच, लसूण, मोहरी. वरून लावाचं, माय. कोंबडी आरशावानी चमकते."

"कोंबडीत तोंड पाहाचं हाये काय कोनाले? जवाई मानसाले तर्री लागते, तर्री! लाल रस्सा नसला त थो काय तुही चमक पिईन?"

मी मायकडे दुर्लक्ष केलं. विज्ञानाच्या मार्गात अडाणीपणा येतोच. कुसुम मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, तुले येते ना नक्की?"

"मी सोता पाह्यली हाये."

"पाह्यली? केली नाई?"

"अवं, पाह्यनं आन करनं एकच!"

हे वाक्य मी बोललो, हे मान्य आहे.

ठरलेल्या दिवशी बाबांनी सगळ्यात धष्टपुष्ट पांढरी कोंबडी निवडली आणि सोलून, साफ करून माझ्या हवाली केली. मी आलं, लसूण, तिखट, मीठ चोळलं. चिंचेचा कोळ काढला, मोहरी वाटली, गुळाचा पाक चुलीवर चढवला. मग साफ केलेलं काळीज अगदी मानाने पुन्हा कोंबडीच्या पोटात ठेवलं आणि कापसाची पोती शिवायच्या दाभणाने सुतळीचे टाके घालून पोट शिवून टाकलं. आता या काळजाला दलाल तर सोडाच, मुंगीही हात लावू शकणार नव्हती. शेगडी घेऊन मी ऐटीत गोठ्यात गेलो, ओव्हनची पितळी खिट्टी सरकवली आणि झडप उघडली.

आतून कोणीतरी म्हणालं, "कुर्रर्र."

तांबडी! मायची लाडकी तांबडी कोंबडी, अंग फुगवून, तुरीच्या कुटारावर ऐसपैस बसलेली. खाली अंडी. चेहरा असा, की आमच्या खोलीत न विचारता येणारे तुम्ही कोण?

"माय!" मी ओरडलो. बैल उभे राहिले.

माय धावत आली. "काय झालं? सरप निंघाला काय?"

"ओव्हनमदी कोंबडी हाये!"

"हाये ना," माय शांतपणे म्हणाली. "तुले याच्यात कोंबडीच घालाची होती ना? मी घातली."

"अवं पन काहून?"

"मुंगूस येते रात्री. याले झडप हाये, खिट्टी हाये, हवेले भोकं हायेत. एवढं चांगलं खुराडं अख्ख्या तालुक्यात नाई, मध्या. तू आनलं तवा मी उगाच बोलली तुले."

आयुष्यात पहिल्यांदा मायने माझं कौतुक केलं, आणि ते हे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"उठव तिले!"

"खुडूक कोंबडी उठवते काय कोनी? पिल्लं आज-उद्यावर आले. एकदा उठवली का मंग नाई बसत थे. अंडे थंडे पडतीन. मंग काय तू बसतं अंड्यावर?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी कडब्याकडे पाहिलं. "बसू दे ना रे," ते म्हणाले. "लेकुरवाळीले उठवनं बरं नाई."

"बाबा, जवाईबापू निंघाले असतीन घरून! पोरीच्या संसाराचा सवाल हाये, आन तुमी कोंबडीची बाजू घेऊन राह्यले?"

तेवढ्यात कुसुम आली. वाकून तिने ओव्हनच्या आत पाहिलं. तांबडी तिच्यावर गुरगुरली नाही, हे मी नमूद करून ठेवतो. कुसुम म्हणाली, "नोको उठवू, दादा. तिचं तरी घर मोडू नोको." आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

मेलेली कोंबडी परातीत तयार असताना एका जिवंत कोंबडीपुढे मी हरलो होतो. तरी सगळे गेल्यावर मी हळूच हात आत घातलाच. तांबडीने अंगठा असा फोडला की रक्ताची धार लागली. मी तिला गार्डसाहेबांकडून शिकलेली एक इंग्रजी शिवी दिली. तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

मग मी दुसरा ओव्हन करायचं ठरवलं. गावात फिरून फिरून वाण्याकडून मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, रिकामा चौकोनी डबा मिळवला. घासून घासून राखेने धुतला. परत आलो तेव्हा कोंबडी जशीच्या तशी परातीत होती, टाके शाबूत होते. पोट जरा फुगीर दिसलं, पण मसाला मुरला की कोंबडी फुगत असावी, असं मी ठरवून टाकलं. मायने अंगणातल्या चुलीवर लहान पातेलं चढवलं होतं.

"हे काय?"

"गड्याइले वांगे," माय म्हणाली आणि झाकण घट्ट बसवलं.

मी डबा आडवा केला, तळाशी वाळू पसरली, ताटलीत कोंबडी ठेवली, तोंडाला पत्रा लावला आणि चारही बाजूंनी गोवऱ्या रचून पेटवल्या. पहिला अर्धा तास उत्तम गेला. मातीच्या तेलाचा वास येत होता, पण त्यात गुळाचाही होता! बाबा सुपाने वारा घालत होते. मध्येच म्हणाले, "मध्या, भीत पडून राह्यली."

"कोनती भीत?"

"डब्याची."

डब्याचे सांधे कथलाने जोडलेले असतात. कथील विस्तवापुढे टिकत नाही. आमच्या अंगणात दरवर्षी कल्हईवाला येऊन भर दुपारी तेच दाखवत असे, आणि मी दरवर्षी उभा राहून पाहत असे. (पाहणं आणि करणं एकच, नाही का?) डब्याची एक बाजू सावकाश आडवी झाली आणि गोवऱ्यांची राख माझ्या कोंबडीवर बसली. गुळाचा पाक तो! राख सोडतोय कशाला?

"फुक मारा!" मी ओरडलो. बाबांनी सूप मारलं. उरलेली राखही उडून कोंबडीवर आली.

"राख दिसून राह्यली, मध्या."

"दिसनार नाई. पाक लावतो."

लावला. त्यावर पुन्हा राख आली, पुन्हा पाक लावला. पाक संपला, तेव्हा घाईत दुसरा केला आणि तो जरा जास्तच आटला. तोही लावला. विस्तवावरून उतरवली तेव्हा कोंबडी आकाराने चांगलीच वाढली होती. रंग काळा, पण काय चमकत होती! अगदी खरं सांगतो, तिच्यात मला माझा चेहरा दिसला. फार थकलेला होता.

"पाह्य माय!" मी परात तिच्यापुढे धरली. मायने नुसती मान हलवली आणि आपल्या वांग्यांत पळी फिरवली.

जवाईबापू ऊन असतानाच आले. या खेपेला जेवण उजेडातच, कंदिलाच्या भरवशावर नाही, असा बाबांचा आग्रह होता. पंगतीला दुसरं कोणी बोलावलं नव्हतं. पाट मांडले, भाकरी वाढली. कुसुम पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी राहिली. थंडीचे दिवस, अंगणात गार वारा सुटलेला. मी परात उचलून आणली आणि जवाईबापूंच्या पुढ्यात ठेवली.

"बापू," मी घसा साफ करून म्हणालो, "मांगच्या येळी जे झालं थे झालं. आज वाटनी नाई. अख्खी कोंबडी तुमची. काळीज आत हाये. तुमच्याच हातानं काढा."

जवाईबापूंनी कोंबडीकडे पाहिलं. अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला नाही. मग त्यांनी बोटाच्या पेराने वाजवली.

टक टक.

गार वाऱ्यात माझा पाक दगड झाला होता! जवाईबापूंनी दोन्ही हातांनी टांग धरून ओढली. कोंबडी टांगेसकट उचलली गेली आणि परातही तिच्याबरोबर थोडी वर आली.

"गरमच बरी लागते हे," मी म्हणालो. कोणीही ऐकलं नाही.

"कुसुम," बाबा पडत्या आवाजात म्हणाले, "बत्ता आन वं."

खलाचा लोखंडी बत्ता आला. जावयाच्या मानाच्या पंगतीत बाबा बत्ता उगारून बसले. पहिल्या ठोक्याला पाकाचा टवका उडाला आणि बाबांच्याच ताटात पडला. दुसऱ्या ठोक्याला एक टवका जवाईबापूंच्या पुढ्यात आला. त्यांनी तो उचलून तोंडात टाकला. 'कड्क' असा आवाज झाला. ते माझ्याकडे वळले आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी एक अख्खं वाक्य बोलले.

"चिक्की हाये काय?"

"नाई बापू, कोंबडीच हाये. खाली हाये, आजून खाली!"

तिसऱ्या ठोक्याला सुतळी तुटली. कोंबडी मधोमध उघडली. आत मांस चांगलं गुलाबी होतं, म्हणजे कच्चं. आणि त्यातून काहीतरी घरंगळत, परातभर फिरत, जवाईबापूंच्या बोटांशी येऊन थांबलं.

कांदा.

अख्खा, सोललेला, बऱ्यापैकी पांढरा कांदा!

जवाईबापूंनी कांदा बाजूला ठेवला. कोंबडीच्या आत हात घालून चाचपून पाहिलं. डावीकडे काही नाही. उजवीकडेही काही नाही. बैलांनी रवंथ थांबवला असावा असं मला वाटतं.

जवाईबापू खाकरले. एकदा.

आमचे चेहरे उजळले.

जवाईबापू पुन्हा खाकरले, आणि उठून उभे राहिले.

कुसुमच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी ओव्हनसकट आत जावं. "बापू, काळीज होतं!" मी हात जोडले. "माह्या हातानं घातलं! टाके मी घातले! देवाची आन!"

"कांदा?" बाबा बत्ता माझ्याकडे रोखून ओरडले. "माह्या जवायाले कांदा?"

जवाईबापू पायात वहाणा सरकवायला वळले. आणि तेव्हा अंगणातल्या चुलीपासून मायचा आवाज आला.

"बसा, बापू. काळीज अठी हाये."

माय झाकलेलं पातेलं घेऊन आली आणि तिने झाकण काढलं. लालभडक रस्सा, वर बोटभर तर्री, आणि मधोमध काळीज! बाजूला पोटा, मान, पंजे, जे जे मी निरुपयोगी म्हणून परातीच्या कडेला ठेवलं होतं ते सगळं.

"याच्या भरवशावर तुमचं काळीज सोडीन काय मी?" माय म्हणाली. "हा डबा पाहाले गेलता, तवा मी टाके उसवले. काळीज काढलं, पोकळ दिसू नये म्हनून कांदा घातला, आन परत शिवून देलं."

"माय!" माझा आवाज फाटला. "तू माह्या कोंबडीचं पोट उसवलं? मले न सांगता?"

"तुही कोनती? कोंबडी माही, कांदा माहा, दाभनबी माहाच. तुहा फक्त डबा, आन थो पडला."

जवाईबापू अर्धी वहाण पायात, अर्धी बाहेर, असे उभे होते. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग कुसुमकडे पाहिलं. वहाण काढली आणि पाटावर येऊन बसले. मायने काळीज त्यांच्या ताटात वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली, काळजाचा तुकडा तोंडात घातला आणि चावू लागले. आम्ही चौघं त्यांच्या गळ्याकडे पाहत होतो.

ते खाकरले.

आम्ही वाट पाहिली. बाबांनी डोळे मिटले होते. कुसुमने दाराची चौकट घट्ट धरली होती. जवाईबापूंनी आणखी एक घास घेतला, तर्री ओरपली, नाक पुसलं. दुसऱ्यांदा ते खाकरलेच नाहीत!

कुसुम हसली आणि त्याच वेळी रडू लागली. बाबांनी बत्ता खाली ठेवला. मलाही आनंद झाला, खूप झाला, नाही म्हणत नाही. पण संतापही तेवढाच झाला होता. सकाळपासून राबलो मी, भाजलो मी, अंगठा फोडून घेतला मी, आणि बाजी मारली ती ओव्हनच्या वाऱ्यालाही न गेलेल्या एका तुकड्याने! त्यावर कळस म्हणजे जेवण संपत आलं तेव्हा जवाईबापूंनी परातीतला पाकाचा आणखी एक टवका उचलला आणि म्हणाले, "हे बी बरं हाये. जेवनावर गोड."

माझी कोंबडी गोडाधोडात गेली. खालचं मांस मायने धुऊन, चिरून रश्शात टाकलं आणि रात्री गड्यांना वाढलं. कोणीतरी रश्शाला किंचित गोडसर वास येतो म्हणालं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हनमधून चिवचिव ऐकू आली. नऊच्या नऊ पिल्लं निघाली होती. मायला तो शुभशकुनच वाटला. कुसुमची पाठवणी झाली, ओटी भरली, आणि माय म्हणाली, "तांबडी घेऊन जाय, पोरी. पिल्लाइसकट."

"एवढी पिल्लं हातात कशी नेऊ?"

"हातात कायले? पेटीच ने."

"माय!" मी धावलो. "थो ओव्हन हाये!"

"हाये ना. झडप लावून देतो, वाटंनं मुंगूस शिरनार नाई."

जवाईबापूंनी स्वतः ओव्हन उचलून दमणीत ठेवला. खिट्टी लावून पाहिली, काढून पाहिली, मागची भोकं निरखली, आणि माझ्याकडे वळून खाकरले. एकदाच. माझ्या ओव्हनला जगात मिळालेली ती एकमेव पसंती. दमणी निघाली. कुसुम मागे वळून हात हलवत होती, आणि झडपेच्या फटीतून तांबडी माझ्याकडे पाहत होती. शेवटपर्यंत तिची नजर बदलली नाही.

हल्ली घरोघरी विजेचे ओव्हन आले आहेत. सुना-नाती त्यात काय काय भाजतात, आणि मला अगदी प्रेमाने, माहीत नसल्यासारखं विचारतात, "आबा, तुम्ही कधी ओव्हनमध्ये कोंबडी केली आहे का?" मी ताठ बसून सांगतो, "एक नाही, एका खेपेला नऊ काढल्या! आणि एकही करपली नाही."

कुसुम शेजारी असली, की लगेच पुरवणी जोडते.

"त्याइले तुहा हात नाई लागला म्हनून, दादा."